पोरगा 'नीट वाटत नव्हता' तेव्हा गेलो त्या तरुणांच्या क्लिनिकचा रिव्ह्यू (मेलबर्न, लांबलचक आहे)

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाही ते सुटतील. पाचपैकी चार स्टार. सायकॉलॉजिस्ट आणि डॉक्टर मंडळी एक नंबर, रिसेप्शन चांगलं, खर्च काही नाही, पार्किंग बेकार, आणि आईबापांना बाहेर बसवून ठेवायची जी पद्धत आहे तिच्यासाठी एक स्टार कापलाय, त्यावर खाली सविस्तर भांडणार आहे.

सेंटरचं नाव देत नाहीये. मेलबर्नच्या पश्चिमेकडे आपली मराठी मंडळी एकमेकांना इतकी ओळखतात की नाव टाकलं की संध्याकाळपर्यंत गणपती कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरगा कोणाचा ते पण येईल. पोराला विचारूनच लिहितोय, त्याने वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली, बाकी म्हणाला टाका बाबा. ज्याला खरंच गरज आहे त्याने मेसेज करा, नाव-पत्ता सगळं सांगतो.

आता हे क्लिनिक करतं काय ते, कारण आम्हाला पण आधी पत्ता नव्हता की असं काही असतं. साधारण १५ ते २५ वयाची पोरंपोरी, ज्यांना अजून सायकोसिस झालेला नाही पण होऊ शकेल अशी चिन्हं दिसतायत, त्यांना आधीच ओळखून हाताशी धरायचं. सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री होऊन बसणं, बोलण्याला ताळतंत्र न राहणं वगैरे. स्किझोफ्रेनिया हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, पण बायपोलरमध्ये, जबरी डिप्रेशनमध्ये, नशेतूनही होतो. आणि बहुतेकदा येतो तो ऐन उमेदीत, बारावी, कॉलेज, पहिली नोकरी या टप्प्यात. मेलबर्न हे या कामाचं माहेरघर म्हटलं तरी चालेल. प्रोफेसर पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या टीमने १९९२ मध्ये इथे एपिक नावाचं सेंटर काढलं, पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या तरुणांसाठी वेगळं, म्हणजे वर्षानुवर्षं आजारी असलेल्या मोठ्या माणसांच्या वॉर्डात कोवळी पोरं नेऊन टाकायची नाहीत. मग १९९४ ला पेस क्लिनिक, ते तर ज्यांना अजून आजार झालाच नाही अशांसाठी, जगात असं काही फारसं कुठे नव्हतंच तेव्हा. मॅकगोरींना २०१० ला ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर केलं होतं. आम्ही गेलो ते सेंटर वेगळं आहे, पण पद्धत त्याच मुशीतली.

आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगतो. पोरगा इयर ट्वेल्व्हला, व्हीसीईचं, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेचं वर्ष. मार्क घसरले, पण ते काय सगळ्यांचेच घसरतात. मला खटकलं ते क्रिकेट. क्लबात ओपनिंगला जाणारा पोरगा, शनिवारी सकाळी किटबॅग दाराशी तयार ठेवणारा, तो जायचाच बंद झाला आणि का रे विचारलं की 'बोअर होतं' एवढंच. मग रात्रभर जागायचं, दुपारी दोनला उठायचं, अंघोळीचा पत्ता नाही, अंगात तीच हूडी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बँडेड लावली, आता ती तर माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांनी लावलीय, पण नंतर फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात जायला लागला. समोरच्या घरातला माणूस पहाटे यूट, म्हणजे त्याची पिकअप गाडी, काढून कामाला जातो, त्याच्या हेडलाइटचा झोत आमच्या किचनच्या खिडकीवर पडतो, तर हा त्या खिडकीशी बसेना. आणि एक दिवस धाकट्या बहिणीला म्हणाला की रेंजहूडचा पंखा चालू असला की त्याच्या घरघरीत मला माझं नाव ऐकू येतं. तिने विचारलं दादा खरंच? तर म्हणाला, मला माहितीये पंखाच आहे, तरी येतं. हे जे तो म्हणाला ते लक्षात ठेवा, पुढे बरंचसं त्यावरच ठरलं.

सल्ल्यांना काय तोटा नव्हता. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, अरे कोणाची तरी दृष्ट लागलीय, मीठमोहऱ्या उतरवून टाक. उतरवल्या. मित्र म्हणाले वयच असं असतं, आपण नव्हतो का. एका जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नेलं, त्यांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून झोपेवरचा एक छापील कागद हातात दिला आणि सहा-सात मिनिटांत बाहेर. शेवटी शाळेतल्या वेलबीइंगवाल्या बाईंनी या सेंटरचा नंबर दिला.

माझ्या मनात मात्र पहिल्यापासून माझा चुलता होता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना असाच खोलीत बसायला लागला, लोक माझ्याबद्दल बोलतात म्हणायला लागला. घरच्यांनी औदुंबर केलं, गाणगापूर केलं, कोणीतरी करणी केलीय म्हणून कवलापूरच्या बाजूच्या एका देवऋष्याकडे पण वर्षभर खेटे घातले, मग लग्न लावून दिलं की होईल ठीक असंही ठरलं होतं, नशीब त्या मुलीचं की मोडलं. सायकियाट्रिस्टपर्यंत पोचेस्तोवर कितीतरी वर्षं गेली होती. गोळ्यांनी आवाज थांबले, आज माणूस शांत आहे, दुकानात बसतो, पण डिप्लोमा, मित्र, नोकरी हे जे त्या वर्षांत सुटलं ते परत काही हाताला लागलं नाही. कोणाला दोष देत नाही, तेव्हा कोणाला काय माहीत होतं. इथे येऊन कळलं की या मधल्या काळावर, म्हणजे सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती वेळ वाया जातो यावर, जगभर अभ्यास झालाय आणि हा काळ जेवढा लांबतो तेवढं पुढचं सावरणं साधारणपणे अवघड जातं. नॉर्वेत एक फार भारी प्रयोग झाला होता, टिप्स नावाचा. रोगालँड भागात पेपरात जाहिराती, शाळांमध्ये माहिती, थेट फोन करता येईल अशी टीम, असं सगळं लावलं. तर तिथे हा काळ मधल्या आकड्याने (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ५ आठवडे निघाला आणि जिथे मोहीम नव्हती तिथे १६ आठवडे. पुढे जाहिराती बंद केल्या तर तोच आकडा परत १५ वर गेला. म्हणजे डॉक्टर तेच, गोळ्या त्याच, नुसतं लोकांना माहीत असणं-नसणं यावर एवढा फरक. म्हणूनच हे लिहायला बसलो खरं तर.

बरं, क्लिनिक. फोन केला तर पहिलाच धक्का, बाई म्हणाल्या तुमच्याशी बोलते पण मुलाशी पण बोलायला लागेल, त्याची इच्छा नसेल तर आम्ही ओढून आणत नाही. मला वाटलं संपलं, हा काय फोनवर येतोय. पण आला, खोलीत जाऊन दार लावून बराच वेळ बोलला. मग वेटिंग. हा पहिला मायनस. अगदी टर्मची सुट्टी लागली तेव्हा कुठे नंबर आला. 'लवकर ओळखा, लवकर या' अशी पोस्टरं लावायची आणि आल्यावर थांबायला लावायचं, याला काय अर्थ आहे. व्हिक्टोरियाच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या, मानसिक आरोग्य व्यवस्थेवर रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसलं होतं, २०२१ ला रिपोर्ट आला, त्यात व्यवस्था कशी कोलमडलीय ते सगळं लिहिलंय, तेव्हा एकट्या या सेंटरला धरून काय उपयोग नाही, पण दोन वाजता रात्री किचनमध्ये लाइट न लावता बसलेला पोरगा बघणाऱ्या बापाला रिपोर्टचं काय कौतुक असणार. एक मात्र, वेटिंगमध्ये असताना त्यांनी मधे स्वतःहून फोन करून विचारलं की काही जास्त झालंय का, आणि जास्त झालं तर कुठे जायचं ते लिहून पाठवलं.

जागा छान आहे. हॉस्पिटलसारखी अजिबात वाटत नाही, बीनबॅग, मायलोचा डबा, किटली, कोपऱ्यात अर्धवट सोडवलेलं जिगसॉ, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं (काही चांगली आहेत, काही आहेत म्हणायची). रिसेप्शनवरची मुलगी जेमतेम पंचविशीची, तिने पोराकडे बघून नाव विचारलं, माझ्याकडे नाही. सासूबाई तेव्हा इथे होत्या, त्यांना पण एकदा मीटिंगला यायचं होतं तर फोनवर मराठी दुभाषा लावून दिला, त्याचेही पैसे नाहीत.

पहिल्या दिवशी एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, सोळा प्रश्न, हो किंवा नाही, आणि हो असेल तर त्याचा त्रास किती होतो ते. प्रश्न मी नंतर बघितले. दुसऱ्यांना येत नाही असा वास किंवा चव येते का, आरशात बघताना चेहरा बदलल्यासारखा वाटतो का, घडलं ते खरं की मनाचं असा गोंधळ होतो का, पूर्वी आवडायचं त्यात आता रस वाटत नाही का, अशा टाइपचे. वाचून मलाच घाम फुटला कारण त्यातल्या दोन-तीनला मी पण हो म्हटलं असतं. सायकॉलॉजिस्ट म्हणाली बरोबर आहे, पुष्कळ लोक म्हणतील, हा कागद काही निदान करत नाही, पुढे नीट बोलायचं की नाही एवढंच सांगतो. नेटवर ही प्रश्नावली सापडते, तर रात्री बसून पोराच्या वतीने भरून आकडा काढत बसू नका, सांगून ठेवतो.

खरं काम मग होतं, लांबलचक मुलाखत. दीड तास सहज. त्यात ते बघतात की जे वाटतंय ते किती वेळा, किती वेळ, किती खरं वाटतं, त्यामुळे वागणं बदललंय का, झोप, शाळा, मित्र, गांजा, घरात कोणाला काय. आणि मग तीन प्रकारे बघतात की हा जास्त धोक्यात आहे का. एक म्हणजे सौम्य लक्षणं, आवाज येतो पण आपल्यालाच शंका पण आहे, कोणी बघतंय असं वाटतं पण पक्की खात्री नाही. दुसरं, पूर्ण लक्षणं पण अगदी थोडे दिवस येऊन आपोआप गेलेली. तिसरं, आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असा आजार, आणि सोबत मुलाचं एकूण वागणं-काम गेल्या वर्षात बरंच घसरलेलं. आमचा पोरगा पहिल्या प्रकारात. 'मला माहितीये पंखाच आहे' हे जे तो बहिणीला म्हणाला होता त्याला इथे फार किंमत. ती शंका शिल्लक आहे तोवर माणूस अलीकडे आहे, ती गेली आणि पक्की खात्री बसली की पलीकडे. चुलत्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं पण म्हणाले तो मुलाचा चुलत आजोबा, इतकं लांबचं नातं या तिसऱ्या प्रकारात धरत नाहीत. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल तर साधारण दहात एकाला होतो, एरवी शंभरात एक किंवा त्याहून कमी. हे ऐकून माझा जो काय जीव भांड्यात पडला, कारण इतके महिने मी मनातल्या मनात स्वतःच्या रक्ताला शिव्या घालत होतो.

निकाल सांगायला बोलावलं तेव्हा बायकोने सरळ विचारलं, त्याला स्किझोफ्रेनिया होणार आहे का, हो की नाही. त्या बाईने गोल गोल न बोलता उत्तर दिलं, हे मला फार आवडलं. म्हणाली, होणार की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही, ना रक्त तपासून ना स्कॅन काढून. या गटातल्या पोरांमध्ये पुढच्या दोन-तीन वर्षांत साधारण चार-पाचात एकाला सायकोसिस होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. इथल्या सुरुवातीच्या अभ्यासात तर वर्षभरात चाळीस टक्के निघाले होते, नंतर आकडा खाली आला, एक कारण असं म्हणतात की आता लोक लवकर येतात आणि उपचार मिळतात, दुसरं असं की आता सौम्य केसेसही जास्त येतात. आणि ज्यांना होत नाही ते सगळे टुणटुणीत असतात असंही नाही, बऱ्याच जणांना डिप्रेशन, घाबरेपणा असतो, त्याचा पण इलाज करावाच लागतो. मग फळ्यावर बादली काढली. प्रत्येकाची बादली वेगवेगळ्या आकाराची, त्यात परीक्षा, झोप नाही, भांडणं, गांजा असं पाणी पडतं, भरून वाहायला लागली की हे आवाज-बिवाज सुरू होतात, तर बादली मोठी करता येत नाही पण खाली तोटी बसवता येते. पोराने स्वतः उठून मार्कर घेतला आणि तोटीपाशी 'नेट्स' लिहिलं. क्रिकेटचे नेट्स.

गोळ्यांचं. मी गृहीत धरून गेलो होतो की गोळ्या देणार आणि माझी निम्मी लढाई बायकोला त्यासाठी तयार करण्यात गेली होती. तर गोळी दिलीच नाही! या टप्प्यावर सायकोसिसची औषधं पहिला उपाय म्हणून देत नाहीत, वजन वाढणं, सुस्ती वगैरे त्रास असतात आणि ज्याला कदाचित आजार होणारच नाही त्याला ते का द्यायचे. सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी, झोपेची घडी बसवणं, शाळेशी बोलणं, आणि मधेमधे तपासत राहणं. लक्षणं पलीकडे जायला लागली तर मात्र त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्ट. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली होती, व्हॉट्सॲपवर वाचून. ती पण विचारली. तर त्यातही गंमत आहे, २०१० ला व्हिएन्नाच्या एका छोट्या अभ्यासात खरंच फरक दिसला होता, मग मेलबर्नवाल्यांनी बऱ्याच देशांत मिळून मोठा अभ्यास केला, २०१७ ला निकाल आला, काही फरक नाही. काकूंना सांगितलेलं नाही, बाटली फ्रिजमध्ये आहे.

सीबीटी म्हणजे काय तर मला वाटलं होतं गप्पा. पोराने जेवढं सांगितलं त्यावरून हे फार ठोस काम आहे. उदाहरणार्थ ती यूट. त्याला कोणी सांगितलं नाही की तुझं चुकतंय. त्याला म्हणाले, हेडलाइटचे किती अर्थ असू शकतात ते लिहू, आणि मग आठवडाभर वेळ टिपून ठेव. त्याने टिपली. रोज पावणेपाच-पाच, शनिवार-रविवार नाही. ट्रेडी (कारागिरीची कामं करणारा) आहे बाबा तो, असं मला स्वतःच येऊन सांगितलं, जसं काही मीच त्याच्यावर संशय घेत होतो.

आता भांडण. मुलाखतीत आम्हाला बाहेर बसवलं. सेशनला बाहेर. काय बोलणं झालं विचारलं तर 'तो सांगेल तर सांगेल'. पोरगा अठराचा व्हायला काही आठवडे बाकी होते तरी तेच, आणि अठरा झाल्यावर तर काय विचारूच नका. मला कारण कळतं. गांजाचं त्याने आमच्यासमोर मेलं तरी सांगितलं नसतं, एकटा होता म्हणून सांगितलं, आणि ते कळणं फार गरजेचं होतं, कारण रोज आणि कडक माल ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं प्रमाण कितीतरी पट जास्त असतं, त्याचं प्रमाण मित्रांबरोबर कधीतरी इतकंच होतं पण ते बंद करणं ही पहिली गोष्ट होती. तेव्हा एकट्याशी बोला, जरूर बोला. पण घरात चोवीस तास त्याला बघतं कोण? क्रिकेट सुटलं, फोन टॉवेलात गेला, हे टिपलं कोणी? बहिणीने आणि आम्ही. मग आम्हाला खुर्चीत बसवून मॅगझिन काय देता? आमच्याकडून माहिती आत जायला पण वाट नव्हती, मी ईमेल लिहिली तर आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर.

आणि हे मी आपली संस्कृती महान वगैरे म्हणून बोलत नाहीये. चेन्नईत स्कार्फ नावाची संस्था आहे, १९८४ पासून स्किझोफ्रेनियावर काम करते, त्यांनी आणि कॅनडातल्या माँट्रियलवाल्यांनी मिळून पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या तरुणांचा जोडीने अभ्यास केला. दोन्हीकडे साधारण एकाच पद्धतीची सेवा. तर चेन्नईत घरचे लोक उपचारात कितीतरी जास्त आणि शेवटपर्यंत गुंतलेले राहिले, आणि पेशंट मधेच सोडून जायचं प्रमाणही तिथे कमी. मी हे सगळं आमच्या सेंटरच्या सिनियर बाईंना एका मीटिंगला ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही काढून लिहून घेतलं, आणि पुढच्या वेळेपासून सेशनची शेवटची दहा मिनिटं पोराची हरकत नसेल तर आम्हाला आत घ्यायला सुरुवात केली. एवढीशी गोष्ट, पण मागावी लागली. तुम्ही जाल तर पहिल्याच दिवशी मागा.

फॅमिली सेशन मात्र होते आणि ते सोन्यासारखे. संध्याकाळी, अजून दोन-चार घरं, एक व्हिएतनामी आई, एक ग्रीक आजोबा, आम्ही. तिथे जे शिकवलं ते मला कोणी सहा महिने आधी सांगायला हवं होतं. तो म्हणतो माझं नाव ऐकू येतं, तर 'काही नाही येत, वेडेपणा करू नकोस' म्हणायचं नाही, आणि 'हो का, मला पण येतं' असंही म्हणायचं नाही. तुला येतं म्हणजे तुला भीती वाटत असणार, पंखा बंद करू का, एवढंच. पहिल्यांदा हे म्हणताना मला शाळेच्या नाटकात आहे असं वाटलं होतं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, चालू राहू दे, पोळ्यांचा धूर होईल.

अजून एक तक्रार म्हणजे मधेच आमची केस मॅनेजर नोकरी सोडून गेली. नीट निरोप घेतला, नव्या माणसाशी ओळख करून दिली, सगळं मान्य, पण विश्वास ठेवायला ज्या पोराला इतका वेळ लागला त्याला परत पहिल्यापासून. नवा माणूस चांगला आहे, क्रिकेटवाला आहे, तेवढं नशीब.

एक मुद्दा लोक विचारतात, मी पण विचारला होता, की हे असं आधीच शिक्का मारणं नाही का? ज्या पाचातल्या चौघांना काही होणार नाही त्यांना उगाच पेशंट करून ठेवता. प्रश्न चुकीचा नाही. मानसिक आजारांचं जे मोठं पुस्तक अमेरिकन सायकियाट्रिस्ट काढतात त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ला निघाली, तेव्हा या अवस्थेला अधिकृत आजार म्हणून घ्यायचं की नाही यावर रणकंदन झालं आणि शेवटी तिला मागच्या भागात, अजून अभ्यास हवा या यादीत टाकलं. आमच्या सेंटरने काय केलं तर शाळेला दिलेल्या पत्रात सायकोसिस हा शब्दच नाही, झोप आणि एन्झायटीसाठी उपचार चालू आहेत एवढंच. त्या पत्रावर परीक्षेत वेगळी खोली आणि मधे ब्रेक मिळाला, युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी सीस नावाची जी सवलतीची योजना आहे तिचा फॉर्म पण त्यांनीच भरायला मदत केली, आणि कागद दोन दिवसांत हातात. इथे पूर्ण मार्क. उलट बाजूची अडचण मला जास्त मोठी वाटते, ज्यांना सायकोसिस होतो त्यातले बरेचसे लोक असल्या क्लिनिकच्या दारात आधी कधी येतच नाहीत, थेट पोलीस नाहीतर इमर्जन्सी.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी, कारण हे वाचून सांगली-कोल्हापूरहून फोन येणार हे माहीत आहे. असं खास क्लिनिक प्रत्येक गावात नाही, पण सरकारची टेली मानस लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, मराठीत बोलतात, पहिला प्रश्न विचारायला बरी. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात प्रोफेसर होते त्या डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली, तिथे घरच्या लोकांचे गट असतात. आणि विमावाला मानसिक आजार बसत नाही म्हणाला तर २०१७ च्या कायद्याचं नाव घ्या, शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायला लागतो असं त्यात स्पष्ट आहे. सायकियाट्रिस्टकडे गेलात तर 'मुलगा अभ्यास करत नाही' असं सांगू नका, काय बदललं, कधीपासून, आधी कसा होता हे लिहून न्या. आम्ही क्रिकेट सुटल्याचा महिना सांगितला तेव्हा त्यांनी पेन उचललं.

सध्या पोरगा ठीक आहे म्हणजे किती, तर आवाज जवळपास नाही, झोप बारा ते आठ, फोन टेबलावर. परीक्षा दिली, हवा तो कोर्स मिळाला नाही, दुसरा मिळाला. क्लबात खालच्या टीमकडून खेळतो आणि ओपनिंगला नाही, पाचव्या नंबरला जातो. तपासणी अजून चालू आहे, अंतर वाढवलंय, आणि फाइल बंद झाल्यावरही परत काही वाटलं तर नवीन रेफरल न घेता थेट फोन करायचा असं ठरलंय.

जाणाऱ्यांसाठी किरकोळ: रेफरल नसलं तरी फोन करता येतो, सकाळी उघडल्या उघडल्या करा, नंतर होल्डवर तेच एक गाणं ऐकत बसायला लागतं. मेडिकेअर कार्ड (इथलं सरकारी आरोग्य विम्याचं) न्या. एक दिवस उशिरापर्यंत उघडं असतं, तो मागून घ्या म्हणजे शाळा बुडत नाही. पोराला किंवा दुसऱ्या कोणाला आत्ता जिवाचा धोका वाटत असेल तर हे क्लिनिक त्यासाठी नाही, ट्रिपल झिरो (इथला इमर्जन्सी नंबर) लावा नाहीतर सरळ इमर्जन्सीला न्या. पार्किंग मागच्या गल्लीत दोन तासांचं आहे आणि पहिली भेट त्याहून लांबते, मला तिकीट लागलंय, तेव्हा ट्रेनने जा.